चर्चचा लग्नाआधीचा कोर्स, नाशिक: नवरदेव हिंदू असेल तर हा रिव्ह्यू वाचाच

कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचं असेल तर हा कोर्स करावाच लागतो, त्यामुळे करू की नको हा प्रश्नच येत नाही, प्रश्न एवढाच की आपला शनिवार-रविवार फुकट जातो का. तर नाही जात. रविवारी संध्याकाळी उठताना अजून अर्धा दिवस हवा होता असं वाटलं, आणि हे कोण म्हणतंय तर जो मोबाइल फुल चार्ज करून, मागची खुर्ची पकडून टाइमपास करायच्या तयारीने गेला होता तो. पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते येईलच पुढे.

आधी माझी ओळख, कारण त्यावरच बरंच अवलंबून आहे. मी सिडकोतला, घरात सप्तशृंगी, जेजुरीचा खंडोबा, सगळं साग्रसंगीत. होणारी बायको नाशिकरोडची, कॅथलिक, तिचे पप्पा प्रेसमधून रिटायर (बाहेरगावच्यांसाठी: नाशिकरोडला प्रेस म्हणजे नोटा छापतात ती, पेपरची नाही). मी धर्म बदलत नाहीये, तीही नाही. असं लग्न चर्चमध्ये होतं का हो, हा प्रश्न मला ऑफिसमधल्या प्रत्येकाने विचारलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो: होतं. बिशपची, म्हणजे त्या भागातल्या चर्चांच्या मुख्य धर्मगुरूची, परवानगी लागते. एक जण स्नानसंस्कार (बाप्तिस्मा, पाण्याने ख्रिश्चन करून घ्यायचा विधी) झालेला कॅथलिक आणि दुसरा अजिबात ख्रिश्चन नाही, ही त्यांच्या धर्मकायद्यात अडचण धरली जाते, आणि ती अडचण बाजूला ठेवायचा अधिकार बिशपला असतो. दोघं ख्रिश्चन पण एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट, म्हणजे समजा शरणपूरच्या सेंट अँड्र्यूजकडची मुलगी, तर तिथेही परवानगी लागतेच पण ते प्रकरण जरा हलकं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. कॅथलिक बाजूला स्नानसंस्काराचा दाखला लागतो आणि तो ताजा, सहा महिन्यांच्या आतला. बायको म्हणाली माझा लहानपणीचा आहे की कपाटात, लॅमिनेट करून ठेवलाय, नाही चालत. का नाही चालत ते कोर्समध्ये कळलं आणि मला तर सिस्टिम भारी वाटली. तुमचं लग्न जगात कुठल्याही चर्चमध्ये झालं तरी त्याची नोंद तुमचा स्नानसंस्कार जिथे झाला त्या चर्चच्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे करायची असते, म्हणजे ताजा दाखला मागवला की आधी कुठे बोहल्यावर चढलाय का ते आपोआप बाहेर येतं. आपल्याकडे हेच काम आत्याबाई करतात, चार फोन फिरवून. मला अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. शिवाय चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, तुमची नावं पुकारतात, साधारण तीन रविवार, कोणाला या लग्नाबद्दल हरकत असेल तर सांगा म्हणून. माझं आडनाव पहिल्यांदा पुकारलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोन मावशा मागे वळल्या होत्या म्हणे.

आता कोर्स. कुठल्या हॉलमध्ये झाला ते मुद्दाम लिहीत नाही कारण खाली थोडी तक्रार पण आहे. नाशिक धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) 1987 साली पुण्यापासून वेगळा झाला आणि त्यात नाशिकसोबत नगर (आता अहिल्यानगर), धुळे, जळगाव, नंदुरबार एवढे जिल्हे येतात, त्यामुळे वर्गात फक्त नाशिककर नव्हते, श्रीरामपूर, संगमनेरकडची पोरं होती, पहाटेची एसटी पकडून आलेली. एक जोडपं तर असं होतं की त्यांचं ठरल्यापासून दोनदाच भेटलेले आणि दोघं मधे एक खुर्ची सोडून बसायचे.

पहिलं सेशन फादरांचं, लग्न म्हणजे चर्चच्या दृष्टीने काय. मला वाटलं आता प्रवचन. पण त्यांनी सुरुवातच प्रश्नाने केली की लग्न कोण लावतं? सगळे म्हणाले तुम्ही, फादर. ते म्हणाले चूक, मी फक्त चर्चच्या वतीने उभा असतो, तुमची संमती विचारतो आणि ऐकतो, लग्न तुम्ही दोघं एकमेकांचं लावता. म्हणजे कॅथलिकांच्या सात संस्कारांपैकी बाकी ठिकाणी देणारा साधारण धर्मगुरू असतो पण इथे नवरा बायकोला देतो आणि बायको नवऱ्याला. मला हे एकदम नवीन होतं. आपल्याकडे भटजी नसले तर लग्न अडतं, इथे फादर आणि दोन साक्षीदार लागतातच पण कशासाठी, तर पूर्वी युरोपात पोरं-पोरी गुपचूप एकमेकांना शब्द द्यायची, तेवढ्यावर लग्न झालेलं धरलं जायचं, आणि नंतर बाप्या हात वर करायचा की मी कुठे काय म्हणालो. पुरावा काय? मग ट्रेंटच्या परिषदेने 1563 साली नियम केला की धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोरच बोलायचं, नाहीतर लग्न धरणार नाही. हे ऐकून मागून कोणीतरी म्हणालं म्हणजे स्क्रीनशॉट काढून ठेवायचा नियम, फादर स्वतः पण हसले.

मग काना गावचं लग्न आलं, बायबलमधलं. येशू आईसोबत लग्नाला जातो, तिथे द्राक्षारस संपतो, आणि तो पाण्याचा द्राक्षारस करतो, त्याचा पहिला चमत्कार. सहा दगडी रांजण, एकेकात शंभर लिटरच्या आसपास पाणी मावेल एवढे. नाशिककरांना पाचशे-सहाशे लिटर वाइन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, गंगापूर डॅमकडच्या वायनरींत रविवारी जाऊन बघा. पण फादरांनी त्यातून काढलेला मुद्दा मला आवडला की बघा, देवाचा पहिला चमत्कार कुठे, तर यजमानाची चार लोकांत फजिती होऊ नये म्हणून. त्यामुळे लग्नात जेवण-खाण, नाच, हळद, वरात याला चर्च नाकं मुरडत नाही. हळद करा, मांडव घाला, नवरीने पांढरा गाऊन घाला नाहीतर पांढरी साडी, मंगळसूत्र पण आणा, आपल्याकडे बऱ्याच चर्चमध्ये अंगठ्यांसोबत मंगळसूत्रावरही आशीर्वाद देतात. माझ्या आईचा अर्धा जीव इथेच भांड्यात पडला.

इथून पुढे कोर्स खरा रंगला. एक कागद दिला, नवरा-बायकोने, म्हणजे होणाऱ्या, एकमेकांकडे पाठ करून बसायचं आणि उत्तरं लिहायची. प्रश्न साधे पण बेकार. पगारातले किती आईवडिलांना देणार. बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे का आणि ते कोण फेडणार. भांडण झालं की तू गप्प बसतोस की ओरडतोस. सणाला कोणाच्या घरी. मूल झालं नाही तर काय. लिहून झालं की वळायचं आणि कागद बदलायचे. आमचं ठरून दीड-दोन वर्षं होऊन गेली होती आणि तरी मला हे माहीत नव्हतं की ती दर महिन्याला भावाच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे बाजूला काढते आणि लग्नानंतरही काढणार आहे, तिने ते असं लिहिलं होतं की विचारत नाहीये, कळवतेय. मी लिहिलं होतं की घराचा हप्ता दोघांनी निम्मा निम्मा. आता हे दोन आकडे एकत्र बसतच नव्हते. पुढचा चहा होईपर्यंत आम्ही हॉलच्या बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करत होतो, आणि आमच्यासारखी अजून चार-पाच जोडपी तिथेच, कोणी तावातावाने, कोणी हळू आवाजात. ते मधे खुर्ची सोडून बसणारं जोडपं सुद्धा. कांदेपोह्यात मुलीला स्वयंपाक येतो का आणि मुलाला पॅकेज किती, याच्या पुढे कोणी जात नाही, लग्न झाल्यावर सहा महिन्यांनी हे विषय निघतात आणि तेव्हा दोन्हीकडचे काका-मामा बोलवावे लागतात. या एका कागदासाठी मी दोन स्टार देतो. मंगल कार्यालयाच्या बुकिंगच्या पावतीबरोबरच हा कागद सगळ्यांना, सगळ्या धर्मांना, सक्तीचा करा असं माझं स्पष्ट मत आहे.

नंतर एक काका-काकू आले, लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झालेली, 'संवाद' हा विषय घेऊन. काकूंनी सुरुवात केली आणि काकांनी दुसऱ्याच वाक्याला त्यांना करेक्ट केलं की तेव्हा आपण देवळाली कॅम्पला नव्हतो राहत. काकू म्हणाल्या कॅम्पलाच होतो. काका म्हणाले नाही गं, जेलरोडला, आणि हे चांगलं दोन-तीन मिनिटं चाललं, माइक चालू ठेवून. मग काकू शांतपणे आमच्याकडे वळून म्हणाल्या, बघा, असं असतं, आणि तरी संध्याकाळी चहा मीच टाकणार आणि कप हेच विसळणार. ठरवून केलेलं होतं की खरंच होतं अजून कळलं नाही. स्लाइड्स त्यांच्या यथातथाच होत्या पण कोणाला पडली होती स्लाइड्सची.

डॉक्टर मॅडमचं सेशन. कुटुंबनियोजन. इथे माहीत असू द्या की कॅथलिक चर्च गोळ्या, कंडोम, कॉपर-टी कशालाच मान्यता देत नाही, 1968 साली पोप पॉल सहावे यांनी पत्रक काढून तसं पक्कं केलं, आणि चालतं ते फक्त नैसर्गिक पद्धतीचं, म्हणजे बाईच्या पाळीच्या चक्रातले सुपीक दिवस ओळखून ते टाळायचे. मॅडमनी ते नीट, न लाजता, चार्ट काढून समजावलं, शरीराच्या खुणा काय असतात, ताप मोजतात तसं रोज सकाळी टेम्परेचर का घ्यायचं वगैरे. वर्गातली निम्मी मुलं छताकडे बघत होती. माझं मत विचाराल तर चर्चच्या नियमाशी सहमत व्हा नाहीतर नका होऊ, पण पंचविशी-तिशीच्या पोरांना पाळीचं चक्र कसं चालतं हे पहिल्यांदा कोणीतरी मराठीत सांगितलं, कॉलेजमध्ये सर ते पान उलटून पुढे गेलेले. प्रश्न मात्र चिठ्ठीवर लिहून द्यायची सोय हवी होती. तोंडी विचारायला कोण उठणार तिथे, होणारे मेव्हणे शेजारी बसलेले असताना.

वकिलांचं सेशन छोटं पण उपयोगाचं. 1872 चा भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा दोघांपैकी एक जण ख्रिश्चन असला तरी लागू होतो, म्हणजे माझं चर्चमधलं लग्न कायदेशीरच, वय मात्र देशाच्या कायद्याप्रमाणे एकवीस आणि अठरा पूर्ण. घटस्फोटावर बराच गोंधळ असतो लोकांचा. चर्च घटस्फोट मानत नाही, कोर्टाने दिला तरी चर्चच्या लेखी तुम्ही नवरा-बायकोच. चर्चचं जे न्यायपीठ असतं ते वेगळंच काम करतं, हे लग्न मुळात झालंच होतं का ते तपासतं. म्हणजे मुलीला धमकावून उभं केलं असेल, मूल होऊच द्यायचं नाही असं एकाने मनात आधीच ठरवून ठेवलं असेल, एखादी मोठी गोष्ट फसवून लपवली असेल, तर ते म्हणू शकतात की संमतीच खरी नव्हती सबब लग्न सुरुवातीपासून नव्हतंच. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली, आधी एका न्यायपीठाने निकाल दिला तरी दुसऱ्याने शिक्का मारावा लागायचा, तो फेरा गेला. पण चर्चचा निकाल कोर्टात चालत नाही आणि कोर्टाचा चर्चमध्ये, दोन्हीकडे वेगळं वेगळं जावं लागतं.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला तो भाग. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मिश्र लग्नवाल्यांना वेगळ्या खोलीत बसवलं. आम्ही मोजकीच जोडपी. तिथे फादरांनी दोन गोष्टी आडपडदा न ठेवता सांगितल्या. पहिली, तुमचं लग्न चर्च खरं आणि वैध मानेल, पण दोन स्नानसंस्कार झालेल्यांचं लग्न जसं संस्कार असतं तसा तो संस्कार होणार नाही. आणि त्या दिवशी सहसा पूर्ण मिस्सा होत नाही, बायबलची वाचनं, तुमची वचनं, अंगठ्या, प्रार्थना एवढंच. बायकोचा चेहरा उतरला, मम्मीला तर हे घरी सांगायलाच नको असं तिला झालं, कारण तिने लहानपणापासून मिस्साचं लग्नच डोक्यात धरलेलं. मला खरं सांगायचं तर फादरांचा सरळपणा आवडला, गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून गोड बोलणारे खूप बघितलेत लग्नाच्या धंद्यात.

दुसरी गोष्ट मुलांची. कॅथलिक व्यक्तीने वचन द्यायचं असतं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांचा स्नानसंस्कार होऊन ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करेन. लक्षात घ्या, वचन ती देते, मी नाही. मला फक्त कळवलं जातं की तिने असं वचन दिलंय. पण आमच्या घरात ही बातमी पोहोचेपर्यंत तिचं रूप असं झालं होतं की पोराने लिहून दिलं, नातवंडं गेली हातची. आत्याचा फोन, मावशीचा फोन, वडील दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. म्हणून सांगतो, हिंदू बाजूच्या आईवडिलांना पण या अर्ध्या दिवसाला बोलवायला पाहिजे. आम्ही विचारलं, अशी सोय नाही म्हणाले. हा कोर्सचा सगळ्यात मोठा दोष. त्या खोलीत फादरांनी जे मला दहा मिनिटांत समजावलं ते मला घरी बाबांना समजावायला महिना लागला, आणि अजून पूर्ण पटलेलं नाहीच, नातवंडांच्या नावाचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. मी आणि ती यावर काय ठरवलंय ते इथे लिहिणार नाही, पण ठरवलंय, लग्नाआधी ठरवलंय, आणि त्या खोलीतच ठरवायला घेतलं हे कोर्सचं श्रेय.

कोर्सनंतर फादर दोघांना वेगवेगळं बोलावून मुलाखत घेतात. दार लावून. कोणी दबाव आणलाय का, आईवडिलांच्या भीतीने करतेय का, नोकरी, व्हिसा, पैसा असलं काही कारण आहे का, काही आजार लपवलाय का, मरेपर्यंत एकाचंच राहायचं हे कळतंय का. उत्तरं लिहून घेतात, खाली सही. माझी चुलत बहीण बोहल्यावर उभी राहीपर्यंत तिला एकाने तरी असं दार लावून विचारायला हवं होतं, असं मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या वाटून गेलं. विषय वेगळा आहे, सोडा.

आता कापलेला स्टार. भाषा. समोर बसलेल्यांत बहुतेक सगळे मराठी बोलणारे आणि दिलेलं पुस्तक इंग्रजी, दोन वक्ते पूर्णवेळ इंग्रजी-हिंदी मिक्स. श्रीरामपूरचं जोडपं सकाळभर मान डोलवत होतं, आणि फादर मराठीत बोलायला लागले तेव्हा त्याच मुलीने इतके प्रश्न विचारले की सेशन लांबलं. नगर-नाशिकमध्ये मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, मग लग्नाचंच पुस्तक इंग्रजीत का? पंखे आवाज करतात, माइक मधूनच जातो. जेवण फीमध्येच आहे म्हणून बोलू नये पण पुलाव गार होता. चहा चांगला. वेळेच्या बाबतीत आपलं नेहमीचंच, नऊ म्हणजे पावणेदहा.

तारखेचं एक. चर्च लग्नाला मुहूर्त बघत नाही पण उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, धूमधडाक्याची लग्नं सहसा टाळतात, नाताळच्या आधीच्या आगमनकाळात पण, आणि गुड फ्रायडे आणि त्यानंतरच्या शनिवारी तर नाहीच. इकडे माझी मावशी म्हणते 2026-28 चा सिंहस्थ लागायच्या आत उरका, गोदाकाठी सिंहस्थात लग्न करत नाहीत. हे दोन्ही कॅलेंडर एकावर एक ठेवलं की नाशिकमध्ये शनिवार किती उरतात ते तुम्हीच बघा, आणि उरलेल्या शनिवारी हॉल मिळत नाही. त्यात फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेची गर्दी, त्या वीकेंडला त्या बाजूला लॉजही मिळत नाही आणि पार्किंगही. म्हणून आधी कोर्सची तारीख घ्या, मग हॉल, उलटं करू नका, कोर्स दर आठवड्याला नसतो आणि सर्टिफिकेटशिवाय चर्चची तारीख पक्की होत नाही. बिशपच्या परवानगीला वेगळा वेळ धरा. आणि फॉर्म भरताना आधार कार्डावर नावाचं जे स्पेलिंग आहे तेच घाला, तेच पुढे लग्नाच्या रजिस्टरमध्ये जातं, तिच्या मोठ्या बहिणीचं एक अक्षर चुकलं होतं ते पासपोर्टच्या वेळी निघालं आणि मग पुन्हा चर्च, पुन्हा ॲफिडेव्हिट, पुन्हा रांग.